जेवढे दिसले तेवढेच मोजले

मंगरुळपीर तालुक्यातले तऱ्हाळा हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९३९ साली ते अकोला जिल्ह्यात होते. त्या वर्षी तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा एक ठेवा सापडला. नाणी दीड हजारांहून अधिक होती, पण सोन्याची किंवा चांदीची नव्हेत. तांब्यात कमी किमतीचे धातू मिसळून केलेल्या, नाणेशास्त्रात ज्याला पोटीन म्हणतात, त्या साध्या धातूची ती होती. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि राजाचे नाव, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडून केलेले उज्जैन चिन्ह. सराफाच्या तराजूत त्यांना फारशी किंमत आली नसती. संशोधक वा. वि. मिराशींनी ती एकेक करून वाचली, १९४० मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला, आणि पुराणांतल्या राजावळीत ज्यांचा पत्ता नाही असे राजे समोर आले: कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. ठेवा मातीखालीच राहिला असता तर कुंभ सातकर्णीच्या नाण्याला कुणी 'दुर्मीळ' म्हटले नसते. ज्याचे अस्तित्वच ठाऊक नाही त्याला दुर्मीळ तरी कसे म्हणणार? आणि तऱ्हाळ्यासारखा दुसरा ठेवा उद्या शेजारच्या शिवारात निघाला, तर आज दुर्मीळ ठरलेले हेच नाणे पुढच्या वर्षी सामान्य ठरेल. दोन्ही वेळा नाण्यात काहीच बदललेले नसेल. बदललेली असेल ती आपली माहिती.

या लेखात एवढेच मांडायचे आहे. दुर्मीळपणा हा वस्तूचा गुण असल्यासारखा आपण बोलतो. लिलावाच्या कॅटलॉगात नाण्यापुढे 'दुर्मीळ', 'अतिदुर्मीळ', 'एकमेव ज्ञात' असे शिक्के असतात आणि वाचणाऱ्याला वाटते की कुणीतरी सगळी नाणी मोजून हा आकडा काढला आहे. तसे मोजलेले कुणीच नसते. संग्रहालयांत जमा झालेली, छापील यादीत आलेली आणि बाजारात हातोहात फिरलेली नाणीच काय ती मोजली जातात. देवघरातल्या डबीत, माहेरच्या पेटीत, सराफाच्या खणात, जुन्या वाड्याच्या भिंतीत आणि काळ्या मातीत जे आहे ते या मोजणीच्या बाहेर राहते. वऱ्हाडासारख्या मुलखात हा बाहेरचा हिस्सा लहान असेल असे मानायला काहीही आधार नाही. हा कापसाचा मुलूख. रोकड यायची ती हंगामात, एकदम. गावात बँक नव्हती तेव्हा ती ठेवायची जागा घरातच असे. मुघलांच्या काळात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, टाकसाळ होती. बंजारा बायांच्या गळ्यात आणि पोशाखावर चांदीचे रुपये ओवलेले असत. इतके चलन ज्या मुलखातून वाहून गेले, तिथले किती कॅटलॉगात पोचले असेल?

दडलेला साठा बाहेर आला की काय होते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला नाशिकजवळच्या जोगलटेंभीचा. १९०६ साली तिथे क्षहरात राजा नहपान याची चांदीची १३,२५० नाणी एकदम सापडली. त्याआधी नहपानाचे चांदीचे नाणे संग्राहकाच्या हाती लागणे ही मोठीच गोष्ट होती. एका ठेव्याने ते साधे नाणे होऊन बसले. पण त्याच ठेव्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. सातवाहनांनी नहपानाच्या क्षहरात वंशाचा पाडाव केला हे नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात आहेच. इथे त्या विजयाचा पुरावा हरलेल्याच्या चेहऱ्यावर ठोकलेला मिळाला. बाजाराच्या हिशेबात त्या दिवशी नहपानाचे नाणे स्वस्त झाले आणि इतिहासाच्या हिशेबात ते कधी नव्हते एवढे मोलाचे झाले. हे दोन हिशेब वेगळे आहेत. दुर्मीळपणाबद्दलची आपली बरीचशी गफलत हे दोन्ही एकाच वहीत लिहिल्यामुळे होते.

जे दिसत नाही त्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई विद्वानांनाही झालेली आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा स्वतंत्रपणे ओळखता आली ती मुख्यतः विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटामुळे, आणि तो वाशीमचा ताम्रपटही १९३९ मध्येच उजेडात आला. एकाच वर्षी, एकाच जुन्या जिल्ह्यात, दोन घराण्यांच्या इतिहासाची पाने भरली गेली. वाकाटकांच्या नाण्यांबद्दल तर दीर्घकाळ असे मानले जाई की एवढ्या मोठ्या राजघराण्याने स्वतःची नाणी पाडलीच नाहीत. पुढे विदर्भातली, विशेषतः पवनारकडची, तांब्याची लहान, झिजलेली नाणी काही अभ्यासकांनी वाकाटकांची म्हणून वाचली. त्या वाचनाबद्दल अजून सर्वांचे एकमत नाही आणि ते सावधपणेच घ्यायला हवे. पण 'नाणी नव्हतीच' हे विधान आता पूर्वीच्या खात्रीने करता येत नाही. 'नव्हतीच' असे म्हणणाऱ्यांपाशी पुरावा एकच होता: आम्ही पाहिली नाहीत.

नाण्यांपलीकडचे उदाहरण याच भागात आहे आणि ते मराठी वाचकाच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे काशीक्षेत्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते इथेच. त्यानंतर महानुभावांचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले आणि मठांच्या पेट्यांत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांना त्या लिप्या उलगडेपर्यंत, आणि महंतांनी पोथ्या दाखवेपर्यंत, मराठी गद्याचा आरंभ या साहित्याला वगळूनच सांगितला जात होता. त्या काळच्या विद्वानांच्या दृष्टीने तेराव्या शतकातले मराठी गद्य दुर्मीळ होते. रिद्धपूरच्या मठात बसणाऱ्याच्या दृष्टीने ते रोजच्या पठणातले होते. ज्यांच्यापाशी वस्तू होती त्यांना ती दुर्मीळ वाटत नव्हती, आणि ज्यांना ती दुर्मीळ वाटत होती त्यांना ती कुठे आहे हे ठाऊक नव्हते. घरातल्या नाण्यांचेही नेमके हेच आहे.

आता एक वजनदार आक्षेप. कुणी म्हणेल, जे कधीच बाहेर येणार नाही ते असून नसल्यासारखेच. घेणाऱ्याला जे मिळू शकते त्यातलाच दुर्मीळपणा महत्त्वाचा. भिंतीत चिणलेली शंभर नाणी त्याच्या कामाची नाहीत. व्यवहार म्हणून हे पटण्यासारखे आहे, पण त्यामागे एक गृहीतक आहे की लपलेले ते लपलेलेच राहते. अमेरिकेतल्या चांदीच्या डॉलरांचा इतिहास या गृहीतकाची चांगली परीक्षा घेतो, आणि त्याचा धागा थेट आपल्या रुपयाशी जुळतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची चणचण पडली. नोटा बदलून रुपये मागणाऱ्यांना देण्यापुरती चांदी सरकारपाशी उरली नाही. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या टाकसाळींसाठी दिली. पाचव्या जॉर्जचा त्या सुमाराचा जो रुपया आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवला जातो, त्यात कदाचित अमेरिकेतला एखादा डॉलर आटलेला आहे. पण किती डॉलर वितळले याची फक्त बेरीज ठेवली गेली. कोणत्या सालचे, कोणत्या टाकसाळीचे किती, हे कुणी लिहिले नाही. न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीने १९०३ साली पाडलेले डॉलर त्यानंतर जवळजवळ दिसेनासेच झाले आणि संग्राहकांनी ठरवून टाकले की ते सगळे त्या मुशीत गेले. न वापरलेल्या एका डॉलरचा भाव कॅटलॉगात पंधराशे डॉलरवर पोचला. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतल्या सीलबंद पिशव्या फुटल्या. ते डॉलर तिथे पिशव्या भरभरून होते. भाव धाडकन कोसळला. साठ वर्षे जी वस्तू 'असून नसल्यासारखी' होती ती काही आठवड्यांत सगळ्यांच्या हाती आली.

आपल्याकडे सीलबंद पिशव्यांची जागा घरे घेतात, आणि घरे कायमची बंद राहत नाहीत. वाटण्या होतात. मुलीच्या लग्नात जुने मोडून नवे घडवले जाते. नापिकीच्या वर्षी पेटी उघडली जाते. अचलपूरचे, कारंज्याचे, अमरावतीच्या जुन्या वस्तीतले वाडे पाडून तिथे सदनिका उभ्या राहतात तेव्हा भिंतीही बोलू लागतात. दडलेला साठा बाहेर येतोच, फक्त तो कधी येईल आणि किती येईल हे सांगता येत नाही. शिवाय तो थेंबाथेंबाने न येता लोंढ्यासारखा येतो. म्हणून आजच्या टंचाईवर बांधलेली किंमत ठिसूळ असते.

मात्र उलट्या दिशेची चूकही तितकीच मोठी आहे आणि संग्राहक तिच्याकडे कमी लक्ष देतात. प्रत्येक न दिसणारे नाणे कुठेतरी दडलेलेच असेल असे नाही. पुष्कळशी नाणी वितळून संपलेली आहेत. पाचव्या जॉर्जच्या १९११ सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली. जवळपास ९४ लाख रुपये पाडलेले होते. सुमारे ७ लाखच चलनात गेले आणि बाकीचे वितळवले गेले. १९४० मध्ये रुपयातली चांदी अकरा बारांशावरून निम्म्यावर आणली गेली आणि १९४१ ते १९४३ या काळात जुने, चांगल्या चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले गेले. ज्यांनी हुकूम पाळून रुपये जमा केले त्यांचे रुपये आटले. ज्यांनी पेटीत ठेवून दिले त्यांचेच उरले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लपवणाऱ्याला आपण ज्ञानाच्या वाटेतली धोंड समजतो. पण उरलेल्यातले बरेचसे त्याच्यामुळेच उरले आहे. जोगलटेंभीचा ठेवा मुळात कुणीतरी लपवलेलाच होता. लपवणे आणि नोंद न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष द्यायचा तर तो दुसरीला द्यायला हवा. चांदीचा भाव चढला की आजही सराफाच्या भट्टीत जुने रुपये जातात, ते कोणत्या सालचे आणि कोणत्या टाकसाळीचे हे कुणी न पाहता. तिथे दुर्मीळपणा खरोखर वाढतो, आणि तो वाढल्याचे कुणाला कळतही नाही.

मग न पाहिलेल्याबद्दल काहीच बोलता येत नाही का? येते, आणि त्याची रीत तर्कशुद्ध आहे. हाताने पाडलेले प्रत्येक नाणे एखाद्या विशिष्ट ठशाखालून निघालेले असते आणि ठशातली बारीक खोट नाण्यावर उतरते. एखाद्या राजाची शंभर नाणी घेतली आणि त्यातली नव्वद अशी निघाली की प्रत्येकाचा ठसा वेगळा, एकदाच दिसलेला, तर पुढचे नाणे नव्याच ठशाचे असण्याची शक्यता दहात नऊ धरावी लागते. अर्थ असा की त्या राजाच्या नाण्यांचा फार मोठा भाग आपण पाहिलेलाच नाही. उलट तेच ते ठसे पुन्हा पुन्हा भेटू लागले, तर टाकसाळीचे बहुतेक काम नजरेखालून गेले असे समजायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात गुप्त संदेशांची उकल करताना ॲलन ट्युरिंग आणि त्यांचे सहकारी गुड यांनी याच प्रकारचा हिशेब बसवला. गुड यांनी तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि नाण्यांच्या अभ्यासकांनाही तो उपयोगी पडला. या हिशेबाने न पाहिलेले नाणे मुशीत गेले की मातीत आहे हे कळत नाही. पण 'एकमेव ज्ञात' या शब्दांवर किती भरवसा ठेवायचा ते कळते. यासाठी लागतात ते नीट काढलेले फोटो, वजन, आणि नाणी कुठे व कशासोबत सापडली याची माहिती. नाणे हातात असण्याची गरज नाही. म्हणजे घरातल्या नाण्याचे घरातून न हलता ज्ञान होऊ शकते.

इथे कायद्याचा मुद्दा येतो. जमिनीत सापडलेल्या ठेव्यासाठी आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. न कळवल्यास तुरुंगवासापर्यंत शिक्षा. सरकारने ठेवा घ्यायचा ठरवला तर मोबदला म्हणून धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. या एका कलमाने केवढे नुकसान केले असेल! तऱ्हाळ्याची पोटीनची नाणी या मापाने मोजली तर इतिहासात राजांची भर घालणाऱ्या ठेव्याचा मोबदला भंगाराच्या भावाहून फार वर जात नाही. नांगर चालवताना ज्याला गाडगे लागले, त्याला कायदाच सांगतो की याची किंमत म्हणजे धातू. मग तो सराफाकडे गेला तर त्यात आश्चर्य कसले? त्यातच 'गुप्तधन' या शब्दाभोवती आपल्या भागात अंधश्रद्धेची आणि पोलिसांची भीती घट्ट बसलेली आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नेण्यास मनाई करतो आणि व्यापाऱ्याला परवान्याची अट घालतो, पण वडिलोपार्जित नाणी घरात बाळगण्यास बंदी करत नाही. हा फरक फार थोड्या घरांत ठाऊक आहे, आणि भीती मात्र सगळीकडे सारखी पसरलेली आहे.

दुसरा आक्षेप किमतीचा: साठे उघड झाले तर ज्याने जन्मभराची पुंजी एखाद्या नाण्यात घातली त्याचे काय? न्यू ऑर्लिन्सच्या डॉलरचे उदाहरण त्याच्या बाजूने उभे राहील. पण त्याच देशातले दुसरे उदाहरण वेगळे सांगते. तिथे बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेले पत्ते जमवण्याचा शौक आहे. हे पत्ते आधी सिगारेटच्या आणि नंतर च्युइंगमच्या पाकिटांसोबत येत. मिकी मँटल या खेळाडूच्या १९५२ सालच्या पत्त्याचा न विकलेला साठा पुढे समुद्रात बुडवला गेला होता. १९८० च्या दशकात बॉस्टनजवळ त्या वर्षीच्या करकरीत पत्त्यांचा मोठा खासगी साठा निघाला. भाव कोसळला नाही. त्या साठ्यातलाच एक मँटल २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकला गेला आणि 'त्या साठ्यातला' ही ओळख त्याच्या मोलाचा भाग ठरली. सरकारी पिशव्यांत डॉलर किती हे घेणाऱ्याला आधी ठाऊक नव्हते, शिवाय ते न संपणारे वाटत होते. बॉस्टनजवळच्या साठ्यात काय निघाले हे मात्र जाहीर होते. म्हणजे धोका साठ्याच्या मापाइतकाच ते माप ठाऊक नसण्यातही आहे. संग्राहकाच्या पुंजीला ज्याची भीती आहे ते अज्ञान नोंदीने कमी होते. तरीही काहींची किंमत उतरेल हे खरे आहे आणि ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण दुसऱ्यांच्या देवघरात काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, एवढ्याच आधारावर उभ्या असलेल्या किमतीचे रक्षण करणे समाजाचे कर्तव्य ठरत नाही.

चोरीचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. खेड्यातल्या घरी जुनी नाणी आहेत हे जाहीर झाले तर त्या घराची झोप उडेल. म्हणून नोंदीत मालकाचे नाव आणि घर कधीही उघड होता कामा नये. फार तर तालुका पुरे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून अशी स्वेच्छेची व्यवस्था चालू आहे. सापडलेली वस्तू दाखवायची, तिची नोंद करून घ्यायची आणि ती परत घेऊन जायची. नेमक्या जागेचा तपशील लोकांपासून राखला जातो. दहा लाखांहून अधिक वस्तू तिथे नोंदल्या गेल्या आहेत. आणि जे कायद्याने निधी ठरते, ते संग्रहालयाने घेतल्यास बाजारभावाने मोबदला मिळतो, धातूच्या भावाने नाही.

वऱ्हाडात हे करायला नवी इमारत लागत नाही. अमरावतीला विद्यापीठ आहे. अकोला, वाशीम, कारंजा, अचलपूर इथल्या महाविद्यालयांत इतिहास शिकवला जातो. सराफ्यातल्या जुन्या पेढ्यांवरच्या लोकांना नाणे हातात घेताच ते ओळखता येते. दिवाळीच्या आठवड्यात घरोघरची नाणी चिंच-राखेने घासून पाटावर मांडली जातात. तेवढ्या चार दिवसांत विद्यार्थ्यांनी लहान तराजू आणि मोबाइल घेऊन ओळखीच्या घरी जायचे, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, वजन लिहायचे, घरात ते कुठून आले असे सांगतात ते विचारायचे, आणि नाणे होते तिथेच ठेवून यायचे. घासण्याआधी गेले तर उत्तम, कारण राखेने अक्षरे झिजतात. सराफांनी एवढेच करावे की भट्टीत टाकण्यापूर्वी प्रत्येक जुन्या रुपयाचे साल आणि टाकसाळीची खूण वहीत उतरवून घ्यावी. एका ओळीचे काम आहे. आणि १८७८ च्या कायद्यातले ते एक पंचमांशाचे कलम बदलण्याची मागणी नाणेशास्त्राच्या परिषदांपुरती न ठेवता शेतकऱ्यांच्या सभांतून व्हायला हवी, कारण पुढचे गाडगे लागणार आहे ते त्यांच्याच नांगराला.